तिसरं कार्ड कुणाचं होतं, मामा?

मामा, आधी शोभामामीचं नाव घेते, तुमचं मागून. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "बरोबरे, खालचा थर आधी लावायचा." मामी माझ्याशी फोनवर खोटं बोलली आणि तिच्या त्या खोट्यावर मी वीस किलोमीटर चालले. भाजीवाल्याकडून दोन मिरच्या जास्त आल्या तरी परत द्यायला जाणारी बाई ती. तुमच्या अंगावर पांढरी चादर टाकलेली, ती तुमच्या उशाला बसलेली, आणि मला म्हणाली, "झोपलेत."

आता काय झालं ते सांगते. शनिवारी दुपारी जेवून उठताना तुम्ही भिंतीला हात टेकलात, खाली बसलात, ते पुन्हा उठलाच नाहीत. रविवारी सकाळी माझी शर्यत होती, राष्ट्रीय स्पर्धेतली चालण्याची, घरापासून दीड दिवसाच्या रेल्वेवर. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. शनिवारी संध्याकाळी मी नेहमीसारखा फोन लावला.

"मामा कुठंयत?"

"झोपलेत."

"आत्ता? सहा वाजता?"

"सर्दीचं औषध घेतलंय. गुंगी येती त्यानं."

"मामी, आवाज कसला येतोय? खुर्च्या सरकवल्यासारखा."

"बचत गटाची मीटिंग हाय. बायका आल्यात."

"आत्ता बाप्या माणसाचा आवाज आला."

"बँकेचा साहेब आलाय. तू काय पोलिसात लागलीस का? जेवलीस का ते सांग."

जेवले म्हणाले. मग एकदम म्हणाली, "सोजर, डावा गुडघा सरळ ठेव."

तिथं माझ्या मनात पाल चुकचुकली. इतक्या वर्षांत मामी माझ्या गुडघ्याबद्दल कधी अवाक्षर बोलली नव्हती. तिचं एकच ठरलेलं वाक्य होतं, तेही तुम्हाला उद्देशून: "लोकांच्या पोरीचे गुडघे बघत बसता, माझे कवा बघणार?" तीच बाई आज माझा डावा गुडघा काढते म्हणजे पलीकडं कुणीतरी उभं राहून सांगतंय. आणि ते कुणीतरी तुम्हीच. जागे आहात, शेजारीच आहात, फोनवर यायचं नाही म्हणून झोपलात. मी असा अर्थ लावला. मरणाचा विचार मनाला शिवलाही नाही. संशयी माणसाला सगळे संशय येतात, खरा तेवढा येत नाही.

मी संशयी आहे हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. हिंगोलीकडच्या माळावर मेंढरांमागं वाढले. नववीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली, कारण मेंढरं विकून झाली होती आणि चुलत्याची टोळी बिडकीनला बांधकामावर निघाली होती. निघताना माय म्हणाली, "शहरात फुकट कुणी पाणी बी पाजत नाय. पाजलं तर आधी वास घे." मी वास घेतच आले.

बिडकीनच्या त्या साईटवर तुम्ही मिस्त्री होतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तुम्ही भिंत पाडत होतात. तुमच्या मेव्हण्यानं सकाळपासून बांधलेली, छातीइतकी आलेली भिंत. तुम्ही वरून ओळंबा सोडलात, एक डोळा मिटून पाहिलंत, आणि मसाला ओला आहे तोवर पाचसहा थर हातानं उतरवलेत. मेव्हणा बिचारा म्हणत होता, "भावजी, एका सुताचा तर फरक हाय. गिलाव्यात झाकून जाईल."

"गिलावा झाकंल रे. भिंतीला तर ठाऊक राहील ना?"

एक सूत म्हणजे किती, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. गव्हाच्या दाण्याच्या जाडीएवढं. तेवढ्यासाठी सख्ख्या मेव्हण्याची सकाळ मातीत घालणारा माणूस! मला वाटलं, याचं मेव्हण्याशी वाकडं असणार. मामी पुढं कितीदा म्हणाली, "माझ्या भावाची भिंत पाडली तवापासून आमच्या माहेरी ह्यांना कुणी चहा विचारत नाय." हसत म्हणायची, पण माहेरी खरंच नीट विचारत नव्हते.

आठेक दिवसांनी तुम्ही मला हाक मारलीत. "ए पोरी, घमेलं खाली ठेव. त्या खांबापासून ह्या खांबापर्यंत चाल बरं जरा."

"का?"

"चाल तर."

मी चालले. उजव्या मुठीत दगड धरून चालले. तुम्ही पायांकडं पाहत होतात, आणि पन्नाशीचा माणूस पोरीच्या पायांकडं पाहतो म्हणजे काय ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी पुन्हा चालायला सांगितलंत. तिसऱ्या दिवशी तुम्ही दुपारी डबा घेऊन मामीलाच साईटवर आणलंत. मुठीतला दगड तुम्हाला दिसला होता, हे मला फार नंतर कळलं. मामी माझ्यासमोर बसली, भाकरी पुढं केली. मी घेईना.

"मिस्त्री," मामी तुम्हाला म्हणाली, "ही माझ्याकडं अशी बघतीय, जशी मी हिची मेंढी चोरायला आलेय."

मला हसू आलं. भाकरीचा वास घेतला आणि खाल्ली. त्या दिवसापासून ती मामी, म्हणून तुम्ही मामा. पहिलं नातं तिचंच. तुमचं तिच्यावरून आलं.

मेंढरांमागं पळायचं नसतं, हे मी तुम्हाला सांगितलं. माणूस पळालं की कळप बुजतो, फुटतो. म्हणून आमच्यात लहानपणापासून पळण्याइतक्या वेगानं चालायला शिकतात. तुम्ही म्हणालात, याचाच एक खेळ आहे, त्याच्या देशपातळीवर स्पर्धा होतात, तुम्ही तरण्या वयात तो खेळलात आणि आता त्याचे पंच आहात. मी चुलत्याला म्हणाले, "चालायची शर्यत म्हणे! उद्या म्हणतील झोपायची शर्यत हाय, ये." तुम्ही मागंच उभे होतात. म्हणालात, "ती असती तर तुझा चुलता पहिला आला असता."

मग चुलत्याची टोळी पुढं गेली आणि मी राहिले. शहरात, उस्मानपुऱ्यात, तुमच्या घरामागं खोली बघून दिलीत. रोज सकाळी शहरामागच्या डोंगरातल्या बौद्ध लेण्यांच्या पायथ्याच्या रस्त्यावर तुम्ही, मी आणि मामी. बाभळीच्या फांदीला ओळंबा बांधायचात, माझ्या कमरेएवढ्या उंचीवरून लोंबणारा, आणि मला त्याच्या दोरीशेजारून चालायला लावायचात. नियम दोनच होते. एक पाय कायम जमिनीला. आणि पुढं टाकलेला पाय जमिनीला टेकल्यापासून अंग त्याच्यावर येईपर्यंत सरळ, गुडघ्यात वाक नको. चुकलं तर पंच तोंडानं काही बोलत नाही, कार्ड लिहितो. तीन वेगळ्या पंचांची तीन लाल कार्डं आली की खेळाडू बाद. "दोरी आणि तुझा पाय, दोघांच्या मधून उजेड दिसला नाय पायजे," तुम्ही म्हणायचात. मामी लेण्यांच्या खालच्या पायरीवर बसून गुडघ्यांना तेल चोळायची. "माझ्या पायातून तर अख्खी खिडकी दिसती," म्हणायची.

उजेड दिसायचा तो डाव्या गुडघ्यातून. ताजी असताना नाही, दमल्यावर. नुकतं जन्मलेलं कोकरू आम्ही डाव्या बगलेत धरून चालतो, उजवा हात काठीला मोकळा ठेवतो. वर्षानुवर्षं तसं चालून डाव्या पायाला थोडं बसून चालायची सवय लागली होती. दमले की कोकरू नसलं तरी ते बगलेत येऊन बसायचं आणि गुडघा वाकायचा. फार नाही, एक सूत. दुसऱ्या कुणाला कधी दिसलं नाही. जिल्ह्याला नाही, राज्याला नाही. फक्त तुम्हाला दिसायचं. हे लक्षात ठेवा मामा, कारण माझी सगळी फिर्याद याच एका गोष्टीवर उभी आहे.

सहा वर्षांपूर्वी मी ज्युनिअर गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेला गेले. दहा हजार मीटर, मैदानाच्या पंचवीस फेऱ्या. तुम्हाला त्याच स्पर्धेला पंच म्हणून बोलावणं आलं होतं. आपण एकाच डब्यातून गेलो, पण स्टेशनवर उतरल्यावर तुम्ही म्हणालात, "आता परत घरी जाईपर्यंत तू मला ओळखत नायस." मला ते लागलं. त्यातला सरळपणा दिसला नाही.

शेवटची घंटा वाजली तेव्हा मी दुसरी होते. फलकावर माझ्या नंबरापुढं दोन लाल ठिपके होते. दुसरी आले असते तर पदक, आणि पदक असतं तर खेळाडूंच्या कोट्यातून वर्दीची नोकरी. मायला पत्र्याचं घर सोडता आलं असतं. शेवटच्या वळणावर तुम्ही उभे होतात. मी तुमच्या डोळ्यांकडं पाहिलं. तुमचे डोळे माझ्या पायावर होते. रेघ ओलांडली आणि मुख्य पंच लाल पाटी घेऊन समोर आले.

निकालाचा कागद भिंतीवर चिकटवला. सगळ्यात खाली माझं नाव होतं, पुढं वेळ नाही, क्रमांक नाही, डी आणि क्यू ही दोन अक्षरं, म्हणजे बाद. त्याच्या शेजारी दुसरा कागद होता, कुठल्या नंबरच्या पंचानं कुणाला कशासाठी कार्ड दिलं त्याचा. नावं नव्हती, नुसते नंबर. माझ्या ओळीत तीन नंबर आणि दोन नंबर यांनी नागमोडी रेघ काढली होती, म्हणजे पाय जमिनीवरून सुटला. तिसरं कार्ड पाच नंबरचं. त्यापुढं बाणाच्या टोकासारखी खूण. म्हणजे गुडघा वाकला.

मी दोन्ही कागदांचा फोटो काढला. गुडघा वाकला, हे कुणाला दिसलं? जगात एकाच माणसाला दिसत होतं.

पंचांच्या अंगात नंबरची पांढरी जाकिटं होती. तुमचा नंबर कुठला, हे मी पाहिलंच नव्हतं. तुम्ही जाकीट काढून पिशवीत घातलं होतंत. पुढं कुणीतरी पंचांचा एकत्र फोटो पाठवला. त्यात तुम्ही मागच्या रांगेत, आणि तुमच्या पुढं एका जाडजूड पंचाचा खांदा. आकड्याचा वरचा काठ तेवढा दिसतो. पाच असेल, तीन असेल, दोनही असेल. तो फोटो मी किती वेळा बोटांनी मोठा करून पाहिला असेल! मोठा केला की आकडा फुटतो, खांदा तसाच राहतो.

परतीच्या रेल्वेत तुम्ही विचारलंत, "पाय कसाय?" मी म्हणाले, "बराय." तुम्ही म्हणालात, "डबा खा." मी खाल्ला.

त्यानंतर तुम्ही माझ्यासाठी जे जे केलंत त्या प्रत्येकाचा मी वास घेतला. बिडकीनच्या कंपनीत पॅकिंगला लावून दिलंत. मला वाटलं, वर्दी घालवली म्हणून भरपाई करतायत. बुटांचे तळ झिजले की माझ्या आधी तुम्हाला कळायचं. मला वाटलं, मन खातंय याचं. त्या हिवाळ्यात मामीनं गोधडी शिवून दिली, जाड, तुमच्या जुन्या सदऱ्यांची आणि तिच्या लुगड्यांची. मला वाटलं, आता बायकोलाही कामाला लावलंय. निर्मळ माणूस दुसऱ्याच्या पोरीसाठी इतकं करत नाही, अपराधी करतो. पदक मिळालं असतं आणि तुम्ही एवढंच केलं असतं, तर मी तुमच्या पाया पडले असते. बाद झाले म्हणून तुमच्या भाकरीत खडे शोधत बसले.

सगळ्यात वाईट म्हणजे मी जेवत राहिले. तुमच्याच घरी. घरापासून इतक्या लांब, शिक्षण नाही, माणूस नाही, तिथं एवढंच ताट होतं. विचारायचं कसं? तुम्ही हो म्हणाला असतात तर त्या ताटावर बसायचं कुठल्या तोंडानं? नाही म्हणाला असतात तर इतकी वर्षं मनात काय धरून जेवले, ते घेऊन जायचं कुठं? दोन्हीकडून घर जात होतं. म्हणून मी विचारलं नाही. टोमणे मारले. तुम्ही कधी चहाला साखर कमी म्हणालात की मी म्हणायचे, "तुम्हाला बरं बारीक कळतं." मामी हसायची. तुम्ही हसायचा नाहीत.

आणि तीन आठवड्यांपूर्वीची ती सकाळ. मी अठरा किलोमीटर चालून ओळंब्याजवळून गेले, आणि तुम्ही नेहमीसारखं एकच म्हणालात, "डावा."

माझा तोल गेला. "तुम्हाला डावाच बरा दिसतो. तवा बी तुम्हालाच दिसला."

तुम्ही दोरी गुंडाळत होतात. हात थांबला. "विचार की मग."

"काय विचारू?"

"सहा वर्षं गिळतीयस ते."

मामी पायरीवर तेलाची बाटली घेऊन बसली होती, तिनं वर पाहिलं. मी म्हणाले, "कंपनीची बस जाईल माझी." आणि गेले. बसला अजून अर्धा तास होता. मी उस्मानपुऱ्यापर्यंत चालत आले आणि सगळ्या रस्त्यानं तुम्हाला शिव्या दिल्या. त्यानंतर आपण बोललो ते फक्त कामाचं. स्टेशनवर सोडायला आलात, पिशवी खिडकीतून दिलीत, म्हणालात, "आल्यावर बोलू."

आल्यावर.

म्हणून म्हणते, शनिवारी संध्याकाळी "झोपलेत" ऐकल्यावर मला वाटलं, तुम्ही रुसलात. रविवारी सकाळी मी सुरुवातीच्या रेघेवर उभी राहिले ती तुमच्यावर चिडून. एक किलोमीटरचा रस्ता, वीस फेऱ्या. सोळाव्या फेरीला डाव्या बगलेत कोकरू येऊन बसलं. मला कळलं, आता गुडघा बसणार. आणि मी मनात म्हणाले, बघतच असाल ना मोबाईलवर? बघा. आज एक सूतसुद्धा देत नाही तुम्हाला. प्रत्येक पावलाला मी तुमच्याशी भांडत होते. टाच टेकव, सरळ. घ्या. टाच टेकव, सरळ. घ्या. दोन कार्डं पडली, दोन्ही नागमोडी. बाणाचं टोक एकाही पंचाला दिसलं नाही.

चौथी आले. पदक नाही. पण निकालाच्या कागदावर माझ्या नावापुढं या वेळी अक्षरं नव्हती, वेळ होती आणि आकडा होता. घाम पुसायच्या आधी कागदाचा फोटो काढला आणि तुमच्या नंबरावर फोन लावला. मामीनं उचलला.

"मामी, मामांना दे. जागं कर. सांग चौथी आले, गुडघ्याचं एक कार्ड नाय."

"सरळ राहिला?"

"शेवटपर्यंत. दे ना त्यांना."

"सोजर," ती म्हणाली, "घरी ये बाई. काल दुपारीच गेले ते."

मी काय म्हणाले ते आठवत नाही. मामी सांगते, मी म्हणाले, "खोटं बोलू नको." ती म्हणाली, "काल बोलले. आज नाय बोलत."

रेल्वेच्या दीड दिवसात मी तुमच्यावर आणखी एक संशय घेऊन पाहिला, की हे सगळं मला धडा शिकवायला चाललंय आणि उस्मानपुऱ्याच्या कोपऱ्यावर तुम्ही उभे असाल. कोपऱ्यावर तुमचा मेव्हणा उभा होता, ज्याची भिंत पाडलीत तो. पिशवी घेतली माझ्या हातातून. म्हणाला, "भावजींना बघायला लई माणसं आली व्हती. अर्धे मिस्त्री. सगळ्यांच्या भिंती पाडल्या व्हत्या त्यांनी."

पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुमच्या फोटोपुढं मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली, माणसं जेवून गेली. मामी कपाट उघडून बसली, कुठला सदरा कुणाला द्यायचा ते लावत. मी घड्या घालत होते. खरं सांगायचं तर मी शोधत होते. तुमच्या फोटोसमोर, मामीच्या देखत, मी त्या दिवशीही तुमची झडती घेत होते. माझी मलाच शरम वाटली, पण हात थांबेनात.

"काय हुडकतीस?" मामीनं विचारलं.

"काय नाय. मामांचं ते नंबराचं जाकीट."

"कंचं? तू बाद झालीस त्या साली आणलं ते?"

माझ्या हातातला सदरा तसाच राहिला.

"ते कुठलं इथं असायला! ते तुझ्या गोधडीत हाय."

"माझ्या?"

"मधल्या थरात. त्यांनीच धुऊन, इस्त्री करून आणून दिलं. मी म्हणलं, अवो, चांगलं कापड हाय, बाजाराची पिशवी शिवते. तर नाय म्हणले. पोरीला घोंगडीची सवय, गोधडी पातळ पडंल, ह्याचा एक थर घाल."

"आकडा काय होता गं त्याच्यावर?"

"मी काय वाचत बसले व्हय? पालथं घातलं आन शिवलं. आकडा कशाला पायजे तुला?"

"असंच."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग दुसरंच बोलली. "तिकडून आले त्या साली, तर दोन दिवस शब्द नाय. न्हाणीची भिंत बांधायला घेतली. बांधली, ओळंबा लावला, पाडली. परत बांधली, परत पाडली. म्हणलं, अवो, सरळ तर हाय. तर म्हणले, भिंत सरळच हाय गं, माझा हात बघतोय."

दुसऱ्या दिवशी दुपारी, खोलीचं दार उघडं ठेवून, मी गोधडी मांडीवर घेतली. सहा हिवाळे हिच्याखाली झोपले. हिच्याखाली पडूनच तो फोटो मोठा करून पाहायचे. मामीचा टाका बारीक, उसवता उसवत नव्हता. वरचं लुगडं, खाली तुमचा चौकड्यांचा सदरा, आणि त्याच्या खाली पांढरं कापड. उलटं केलं.

पाच.

मला वाटलं होतं राग येईल. नाहीतर रडू. तसं काही झालं नाही. मी ते कापड मांडीवर पसरून बसले आणि पहिल्यांदा त्या शेवटच्या वळणाचा विचार फोटोशिवाय केला. ते वळण मला ठाऊक आहे, मामा. कोकरू बगलेत होतं. गुडघा बसला होता. एक सूत. पंचवीस फेऱ्यांच्या शेवटी मला तो बसलेला कळला होता आणि मी म्हणाले होते, जाऊ दे, कुणाला दिसतंय. कार्ड कुणाचं, हे मी सहा वर्षं शोधलं. गुडघा वाकला होता की नाही, हे मी स्वतःला एकदाही विचारलं नाही.

तरी माझा स्वभाव जात नाही. तुम्ही तो आकडा माझ्या अंगावर घातलात, तो लपवायला की द्यायला? लपवायचा होता तर चुलीत घालता आला असता. द्यायचा होता तर हातात देता आला असता. तुमच्यासारखा माणूस दोन्हींच्या मधलं काही का करेल? की तुम्हीही घाबरत होतात, मी ताटावरून उठून जाईन म्हणून? असं असेल तर आपण दोघं एकाच भीतीनं त्या घरात बसत होतो, एकमेकांसमोर, मामी दोघांना वाढत होती. आणि नंतरची भाकरी, बूट, नोकरी ही भरपाई होती की माया, तेही राहिलंच. "विचार की" म्हणालात तेव्हा बसला अर्धा तास होता. तो अर्धा तास मला आता रोज पुरतो.

कापड मी परत आत घातलं. आकडा वरच्या बाजूला करून. माझे टाके मामीसारखे बारीक नाहीत. हाताला लागतात.

तुमच्या उपकारांचं मी काय करावं हे मला अजून कळलेलं नाही, मामा. तुमच्यासमोर उभी राहीन तेव्हा तुम्हीच ओळंबा लावून बघा. पण मामीचं मला कळलंय. तुम्ही गेलात त्या संध्याकाळी तिला रडायचं होतं, आणि माझा गुडघा सरळ राहावा म्हणून तिनं ते गिळलं आणि मला जेवलीस का विचारलं. तुमचा निरोप तुमच्यामागं तिनंच पोचवला.

इतकी वर्षं ती लेण्यांच्या पायथ्याला बसली. दर धम्मचक्राच्या दिवशी आख्खा उस्मानपुरा वर जायचा आणि ती खाली चपला राखायची. तुम्ही म्हणायचात, "पुढच्या साली नेतो तुला वर." तिला दिलेल्या शब्दांपैकी तेवढाच एक पाळायचा राहिला.

तो मी घेते. एक दिवस मी तिला वर नेईन. तिच्या चालीनं, दर चार पायऱ्यांना बसत, तेलाची बाटली माझ्या पिशवीत. तिचे दोन्ही गुडघे वाकू देत, पाय फरफटू दे, तिथं कुणी कार्ड लिहिणार नाही. वर गेल्यावर तिला पाणी देईन, आणि तिच्या घरात सहा वर्षं मी काय मनात धरून जेवले ते तिला सांगेन. ती मला शिव्या देईल. मग मी तिला खाली आणीन, हात धरून, उतरताना जास्त दुखतं म्हणून आणखी हळू.